मूठ वळायची नाही

ऑक्टोबर सरत आला, घड्याळं एक तास मागे गेली, की ब्रिस्टलमध्ये साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि त्या अंधारात कुठूनतरी पहिला बाण सुटतो. काल सुटला. मागच्या गल्लीतून सूं करत वर गेला आणि असा फुटला की खिडकीची काच हादरली. शेजारचं कुत्रं सोफ्याखाली शिरलं असणार, त्याचं रडणं भिंतीतून ऐकू येत होतं. मी चकल्यांचं पीठ मळत होते. माझे हात परातीतच थांबले. दरवर्षी या आवाजाला ते थांबतात.

मी हातांची फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाच्या मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत जे काही मोडतं, फाटतं, भाजतं, ते डॉक्टरांनी शिवून दिलं की माझ्याकडे येतं. आपल्याकडे आंब्याचा मोसम असतो तसा इथे माझा हातांचा मोसम असतो, आणि तो दिवाळी ते बॉनफायर नाईट, म्हणजे पाच नोव्हेंबरची इथली शेकोटी-फटाक्यांची रात्र, या दिवसांत भरात येतो. पेटता बाण हातात धरून पैज लावलेले तळवे येतात. पबबाहेर दुसऱ्याच्या दातांवर आपटून फाटलेले सांधे येतात. भिंतीवर, फ्रिजवर, गाडीच्या टपावर गुद्दा मारून करंगळीमागचं हाड मोडलेले पुरुष तर रांगेने येतात. "I fell," म्हणतात. पडलेला हात कसा मोडतो आणि मारलेला कसा, हे मला एक्स-रे न बघता कळतं. भिंत कधी हरत नाही ही साधी गोष्ट पुरुषांना शाळेत का शिकवत नाहीत, कोण जाणे.

मंदारला तरी ती कळायला हवी होती, तो सर्जन होता.

मंदार माझा धाकटा भाऊ. सांगलीहून इथे आला आणि आमच्या घरापासून जवळच एका हॉस्पिटलात सर्जरीचा रजिस्ट्रार, म्हणजे वरच्या जागेची वाट बघणारा शिकाऊ सर्जन, झाला. त्याच्या हाताला यश आहे, हे आईचं ठाम मत. आपल्याकडे ही पदवीपेक्षा मोठी गोष्ट. सांगलीत पेशंटचे नातेवाईक म्हणायचे, "तुमचाच हात लागू द्या डॉक्टर, मग बघतो कोण मरतंय." मंदार हसायचा. पण ओळखीत कोणी नवी गाडी घेतली की पहिली किल्ली फिरवायला त्यालाच बोलावणं यायचं, आणि तो जायचा. उजव्या हाताने किल्ली फिरवायचा, पेढा खायचा, परत यायचा. या हसण्यामागे त्याचा स्वतःचाही विश्वास बसला होता, हे मला फार उशिरा समजलं.

दुसराही एक हात आमच्या घरात होता, बाबांचा. त्या हाताची थोबाडीत बसली की कानशिलात शिटी वाजायची आणि ती शाळेपर्यंत वाजत राहायची. मंदारच्या वाट्याला त्या जास्त आल्या, मुलगा म्हणून. बाबांचा राग आम्हा दोघांतही उतरला. मी माझा तोंडाने काढते, माझा नवरा रवी याला साक्षीदार आहे. मंदार मात्र गप्प बसायचा आणि मुठी वळायचा. लहानपणी झोपेतसुद्धा त्याच्या मुठी वळलेल्या असायच्या.

आणि मंदारला पत्त्यांचा नाद होता. दिवाळीत पत्ते आमच्याकडे पापात धरत नसत. इथल्या मंडळाची दिवाळी एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायची. वर येशू, खाली तीन पत्ती, डावाला पिस्त्याची टरफलं. आणि मध्यभागी मंदार, जुगारातला आमचा गुरू. लंडनजवळच्या ब्रॅकनेलकडून आयटीतली पोरं गाड्या भरून यायची. कॉन्ट्रॅक्टवर आलेली, वीकेंडला करायचं काय म्हणून नुकताच कॅसिनोचा शोध लागलेला.

"मंदार, एक सिस्टीम आहे," त्यातला एक सांगत होता. "रूलेटमध्ये रेडवर लावायचं, हरलो की डबल करायचं. परत हरलो, परत डबल. Eventually रेड येणारच ना?"

"Eventually तू बसने घरी जाशील. गाडी तिथेच राहील," मंदार म्हणाला. "अरे, चाकाला आठवण नसते. सात वेळा काळं आलं म्हणून आठव्यांदा लाल द्यावं असं चाकाला वाटत नाही. शिवाय ते हिरवं शून्य कशाला ठेवलंय? शोभेला? ती मालकाची पट्टी. लाल येवो नाहीतर काळं, तो आपली पट्टी कापणारच."

त्याचे सल्ले मला अजून पाठ आहेत. कॅसिनोत सिनेमाला गेल्यासारखं जायचं, तिकिटाचे पैसे परत मागायचे नाहीत. जेवढं हरायची तयारी आहे तेवढंच खिशात न्यायचं, कार्ड घरी ठेवायचं. ब्लॅकजॅकमध्ये डीलरचं पान कमकुवत असेल तर आपण शहाणपणा करायचा नाही, त्याला एकवीसच्या वर जाऊन फुटू द्यायचं. इन्शुरन्स म्हणून जे विकतात ते कधीही घ्यायचं नाही. गेलेलं परत मिळवायला बसायचं नाही. दारू पिऊन खेळायचं नाही. "आणि रागात तर मुळीच नाही," तो बोट नाचवून म्हणायचा. "रागात बसलात तर तुम्ही पैसे लावत नाही, गुद्दे लावता. आणि टेबल उलटा गुद्दा मारतं." पोरं माना डोलवायची. मीही डोलवायचे. एकही सल्ला चुकीचा नव्हता, आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तो स्वतः खेळायचाही तसाच. महिना-दोन महिन्यांतून एकदा नीट शर्ट घालून जायचा, ठरल्या वेळी उठायचा, येताना आमच्यासाठी बटाट्याच्या गरम चिप्स आणायचा. मग आमच्या हाय स्ट्रीटवरच्या बेटिंग शॉपमध्ये, घोड्यांच्या शर्यतींच्या टीव्हीखाली, रूलेटची मशीनं आली. पडद्यावरचं चाक, पडद्यावरचाच चेंडू. समोर हसणारा डीलर नाही, टेबलावरून पैशांच्या चकत्या गोळा करणं नाही. एक चाक थांबतंय तोवर दुसरं फिरतं. माणसाला भानावर यायला जी एवढीशी फट लागते तीच त्या मशीनने बुजवून टाकली होती. आणि त्याच वसंतात मंदारला हवी असलेली सर्जरीतली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. "Not this time," मुलाखतीतल्या बाईंनी हसून सांगितलं. नकारापेक्षा ते हसू त्याला लागलं. तिथून निघाला तो सरळ त्या दुकानात गेला, टायसकट.

रोज रात्री तो आमच्याकडे जेवायला यायचा, आणि तो उन्हाळा आम्ही आवाजांवरून ओळखायचो. गाडीचं दार आपटलं की आज हरलाय. पायरी चढताना शीळ घातली की जिंकलाय, म्हणजे उद्या हरणार. एकदा जेवताना रवीने नुसतं "बस कर आता, मंदार," म्हटलं, तर आमटीचं वाडगं भिंतीवर गेलं. तुरीच्या डाळीचा पिवळा ओघळ भिंतीवरून खाली येत होता आणि माझी सहा वर्षांची सई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. त्याने स्वतःच पुसलं, घासून घासून, रंग निघेपर्यंत. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करायला गेला. त्या हातांनी, हो. तिथे ते हात कधी थरथरले नाहीत.

मग तो मोसम आला, दिवाळी आणि बॉनफायर नाईट एकाच आठवड्यात. गल्लीत कोणीतरी एका म्हातारीच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून फटाका आत टाकला, तिचा पायपुसणं धरून जळालेला तळवा माझ्याकडे आला. संध्याकाळभर धडाडधूम. हवेत भिजलेल्या पानांचा आणि दारूचा, म्हणजे फटाक्यातल्या दारूचा, वास.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की आपण डाव्या पायाने कारीट चिरडतो. नरकासुराचा वध. ब्रिस्टलमध्ये कारीट कुठून आणणार? मी ब्रसेल्स स्प्राउट वापरते. सुपारीएवढा कोबीच तो, पण कडूपणात कारीटाचा चुलतभाऊ. फक्त तो चिरडत नाही, टाचेखालून सटकतो आणि बागेत पळतो. सईला त्याचंच हसू यायचं. "मामा, नरकासुर पळाली!" ती तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत ओरडली. मंदारचा स्प्राउट दोनदा सटकला. तिसऱ्यांदा त्याने तो बुटाने दाबून धरला आणि दुसरी टाच अशी हाणली की स्प्राउटचा लगदा झाला आणि खालची फरशी तडकली. तरी तो थांबेना. हाणतच राहिला. तोंडातून "गोविंदा" नाही, काहीच नाही, नुसता श्वास. रवीने सईला उचलून आत नेलं.

लक्ष्मीपूजन दिवे लागायच्या वेळी झालं. मंदार सिल्कचा कुर्ता घालून नीट बसला, आरती म्हटली, प्रसाद घेतला. मग "दूध संपलंय ना, आणतो" म्हणून गेला. दूध संपलं नव्हतं.

काय झालं ते त्यानेच नंतर सांगितलं. दुकान बंद व्हायला थोडा वेळ होता. तेवढ्यात जे होतं ते सगळं गेलं. त्याने मशीनला गुद्दा मारला, मशीनला ओरखडाही आला नाही. बाहेर पडताना दाराच्या काचेला मारला. हात आरपार गेला. जाताना तर नुसतं खरचटलं होतं. काचेने कापलं ते तो हात मागे ओढताना.

मी दार उघडलं तर कुर्त्याची बाही कोपरापर्यंत लाल, दुकानातल्या बाईने दिलेला निळा कागदी टॉवेल हाताला, आणि माझ्या रांगोळीतल्या लक्ष्मीच्या पावलांवर टपटप रक्त. "ताई, करंगळी आणि शेजारचं बोट वाकत नाहीये," तो म्हणाला. अगदी शांत, केस सांगतात तसं. मी टॉवेल घट्ट गुंडाळला, हात डोक्याच्या वर धरायला लावला आणि मग त्याला एक सणसणीत थोबाडीत दिली. क्रम बरोबर होता, आजही तोच ठेवेन.

तळव्याशी कापलेल्या शिरा, म्हणजे बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, दुसऱ्या दिवशी पाडव्याला शिवल्या गेल्या. ज्यांनी शिवल्या त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, टाके छान बसलेत, आता सगळं त्याच्यावर. मला ते सांगायची गरज नव्हती. शिवलेली दोरी सुरुवातीला कच्ची असते. थेरपिस्ट शिकवेल तेवढंच हळू हलवायचं, रात्रंदिवस स्प्लिंट, म्हणजे हाताला आधाराची प्लास्टिकची खोळ, घालायचा आणि जोराने मूठ म्हणून वळायची नाही. एकदा घट्ट मूठ वळली की दोरी तुटते. परत शिवली तरी पहिल्यासारखी होत नाही, आणि न वाकणाऱ्या बोटांचा सर्जन नसतो. जन्मभर मुठी वळणाऱ्या माणसाला मी हे सांगत होते.

स्वतःच्या भावाला मी ट्रीट करायचं नाही असा नियम, म्हणून क्लिनिकमध्ये माझी कलीग त्याला बघायची. घरी पहारा माझा. तो आमच्याकडेच राहायला आला. दाराची भरपाई रवीने केली, दुकानाने विषय मिटवला. भाऊबीजेला मी ओवाळलं. मंदारने डाव्या हाताने पाकीट उचललं आणि तबकापाशी थांबला. मग ते स्प्लिंटमधल्या बोटांच्या फटीत खोचलं आणि उजवा हात कसाबसा पुढे केला.

"अरे, ठेव की डाव्याने! बोटांवर जोर देऊ नकोस," मी ओरडले.

"डाव्याने नाही देत गं ओवाळणी," तो म्हणाला.

मला त्याची मायाच आली तेव्हा. त्यातलं दुसरं काही मला दिसलं नाही.

बॉनफायर नाईटला सईच्या हट्टापायी पार्कात गेलो. चिखल, तळलेल्या कांद्याचा वास, आणि मधोमध लाकडांच्या ढिगावर जुनी पँट-कोट घातलेलं बुजगावणं. ते पेटलं तेव्हा सगळं पार्क आनंदाने ओरडलं. आपण रावण जाळतो तेव्हाही असेच ओरडतो, पण इथे माणूस जरा जास्तच माणसासारखा दिसतो. परत येताना गेटपाशी चार-पाच दारू प्यायलेली पोरं होती. त्यांनी पेटती माळ सईच्या पायांत फेकली. ती किंचाळली. "Go home, Pakis!" एक जण म्हणाला, आणि एकाने मंदारच्या छातीवर हात ठेवून त्याला ढकललं.

मंदारचा खांदा वर आला. मला ती हालचाल लहानपणापासून पाठ आहे. रवी सईला उचलत होता, पोरं हसत होती, आणि मी मंदारचं उजवं कोपर दोन्ही हातांनी धरून जिवाच्या आकांताने मराठीत ओरडत होते, "बोटं सरळ! मंदार, बोटं सरळ ठेव! सरळ!"

त्याने ठेवली. सगळं अंग लाकडासारखं ताठ, मानेची शीर फुगलेली, डोळ्यांत पाणी, आणि स्प्लिंटमधून बाहेर आलेली बोटं सरळ. त्या पोरांना वाटलं आम्ही घाबरलो. वाटू दे. त्या रात्री घरी आल्यावर मी रडले, आणि आनंदाने रडले. एवढा राग ज्याने मुठीत येऊ दिला नाही, त्याचा हात आता वाचला, असं मी रवीला सांगितलं.

डिसेंबर आला. स्प्लिंट सुटायला थोडेच दिवस राहिले होते. बोटं वाकू लागली होती. त्या दिवसांत तो सईला कात्रीने कागदी चांदण्या कापून द्यायचा, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या. सई म्हणायची, "मामाचा चांदणी फाटला."

एका रविवारी दुपारी तो फिरायला म्हणून गेला आणि जेवायच्या वेळेला आला नाही. मी बाहेर डोकावले तर आमच्याच पायरीवर बसला होता. मांडीवर उजवा हात. शेजारी पायरीवर सुटा स्प्लिंट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट खांबासारखी उभी, बाकीची नेहमीसारखी वाकलेली. बघताक्षणी मला कळलं, दोरी तुटली.

"कोणाला मारलंस?"

"कोणालाच नाही."

"मग कशाला मारलंस? भिंतीला? दाराला?"

"कशालाच नाही गं. टक् झालं. आत, काडी मोडल्यासारखं."

मी शेजारी बसले. बर्फाळ पायरी होती. तो माझ्याकडे न बघता बोलत राहिला. दुकानात गेला होता, दुसऱ्या रस्त्यावरच्या. फक्त बघायला. मग डाव्या बोटाने पडदा दाबून थोडंसं खेळला. येईना. एकही नंबर येईना. मग त्याच्या मनात आलं, डाव्या हाताने कसा येईल?

"स्प्लिंट काढलास? तू? चाकाला आठवण नसते म्हणून सगळ्या मंडळाला शिकवणारा तू?"

"चाकाला नसते," तो म्हणाला. "हाताला असते असं वाटलं. एकदाच, म्हटलं. या हाताने फक्त एकदा."

"आणि हरलास."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही, ताई. नंबर आला. मी जिंकलो." आणि त्याने डावा हात वर करून, विकेट मिळालेला बोलर करतो तशी मूठ वळून दाखवली. "असं केलं फक्त."

त्या दिवशी मी त्याला मारलं नाही. मारायला काही उरलं नव्हतं. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, आतून सई "मामा आली का?" विचारत होती, आणि मला बाबांचा राग आला, आईचा आला, त्या हसणाऱ्या बाईंचा आला, तबकापाशी थांबलेल्या हाताकडे कौतुकाने बघणाऱ्या माझाही आला. रागाशी कसं लढायचं हे आम्हा दोघांना थोडंफार शिकता आलं होतं. आनंदावर पहारा ठेवायचं मला सुचलंच नव्हतं.

पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा स्प्लिंट. बोटं परत वाकली नाहीत. मंदार आता रेडिओलॉजिस्ट आहे, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांचे स्कॅन वाचतो, आणि चांगले वाचतो. त्यानंतर खेळला का? खेळला, मधे मधे. मग आठवड्यातून एकदा कुठल्याशा हॉलमध्ये जाऊन जुगार सोडू पाहणाऱ्या अनोळखी माणसांसमोर बोलायला लागला, आणि केव्हातरी थांबला. नेमका कधी, ते मी विचारलं नाही. जखमेचा टाका ओढून बघू नये, हे माझ्या धंद्यात पहिल्यांदा शिकवतात.

गेल्या भाऊबीजेला सई घरी आली होती. आता नोकरी करते, लंडनला राहते. तिच्या फोनवर फुटबॉलवर पैसे लावायचं ॲप आहे, सगळ्यांच्याच असतं म्हणे. ओवाळणं झालं, मंदारने नेहमीसारखी उजव्या हाताने तबकात ओवाळणी ठेवली, आणि ती फराळाची ताटली घेऊन त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली.

"मामा, मी फक्त वीकेंडला करते हं. Tiny amounts. पण आई म्हणते तू expert होता. मला तुझी टिप्स पाहिजे."

मला वाटलं आता निघणार सगळं. हिरवं शून्य, सिनेमाचं तिकीट, खिशातलं तेवढंच. त्याने चकलीचा एक तुकडा मोडला.

"एकच आहे," तो म्हणाला. "जिंकलीस की मला फोन कर. किती का वाजलेले असेनात."

"आणि हरले तर?"

"हरलेला माणूस कधी ना कधी घरी येतो गं. जिंकलेल्याला आणायला जावं लागतं."

सई हसली नाही. तिने त्याचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर टाकला आणि त्याला दाखवला. बाहेर एक बाण सुटला, अगदी जवळ फुटला, आणि आम्ही तिघंही दचकलो. मी सवयीने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं सरळ होती.